शेतजमिनीतील नायट्रस ऑक्साइड उत्सर्जन

शेतजमिनीतील नायट्रस ऑक्साइड उत्सर्जन म्हणजे पिकांना दिलेल्या नत्राचा काही अंश मातीतील सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत मिसळण्याची प्रक्रिया होय. रासायनिक खते, शेणखत व इतर सेंद्रिय खते, पिकांचे अवशेष आणि द्विदल पिकांनी मातीत स्थिर केलेला नत्र हे सर्व या वायूचे स्रोत ठरू शकतात. त्यांपैकी रासायनिक नत्रखतांचा वाटा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झपाट्याने वाढला. दिलेल्या नत्रापैकी साधारणपणे एक टक्क्याच्या आसपास नत्र या मार्गाने थेट निसटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही हानी नगण्य असली, तरी हा वायू अत्यंत प्रभावी हरितगृह वायू असल्यामुळे व तो ओझोन थरालाही हानी पोहोचवत असल्यामुळे तिचे जागतिक परिणाम मोठे आहेत.

वायूचे गुणधर्म व परिणाम

नायट्रस ऑक्साइडाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. हा वायू रंगहीन असून त्याला किंचित गोडसर वास असतो. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये त्याचा शोध लावला. पुढे हंफ्री डेव्ही यांनी त्याचे मानवी शरीरावरील परिणाम अभ्यासले. हुंगल्यावर हसू येत असल्यामुळे त्याला ‘हास्यवायू’ असेही म्हणतात. शस्त्रक्रियेत व दंतवैद्यकात तो भूल देण्यासाठी वापरला जातो.

वातावरणात हा वायू एका शतकाहून अधिक काळ टिकून राहतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याच्या एक किलोग्रॅममुळे होणारी तापमानवाढ सुमारे २७३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडमुळे होणाऱ्या तापमानवाढीइतकी असते. मानवी कृतींमुळे वाढलेल्या दीर्घायुषी हरितगृह वायूंमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड व मिथेन यांच्यानंतर त्याचा तिसरा क्रमांक लागतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर अब्ज रेणूंत या वायूचे सुमारे २७० रेणू होते. हे प्रमाण ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून काढण्यात आले आहे. २०२२ पर्यंत ते सुमारे ३३६ पर्यंत पोहोचले.

वातावरणाच्या खालच्या थरात नायट्रस ऑक्साइडाची फारशी अभिक्रिया होत नाही. त्यामुळे तो हळूहळू स्थितांबरात पोहोचतो. तेथे त्याचे बहुतेक रेणू अतिनील किरणांमुळे फुटतात, तर काही रेणूंपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन ते ओझोनचा नाश करते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ही भूमिका पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये दाखवून दिली. ओझोनविषयक संशोधनासाठी १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांच्यासह मिळाले. क्लोरोफ्ल्युओरोकार्बन संयुगांवर १९८७ च्या माँट्रियल करारान्वये नियंत्रण आले. मात्र नायट्रस ऑक्साइडाचा त्या करारात समावेश नाही. एकविसाव्या शतकात मानवी कृतींमुळे हवेत सोडल्या जाणाऱ्या ओझोननाशक पदार्थांमध्ये हाच वायू सर्वांत महत्त्वाचा ठरेल, असा निष्कर्ष भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ ए. आर. रविशंकरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हवेतील नायट्रोजन वनस्पतींना थेट वापरता येत नाही. विसाव्या शतकापूर्वी शेतीला लागणारा नत्र मुख्यतः शेणखत, द्विदल पिके, नैसर्गिक क्षार व पक्ष्यांच्या विष्ठेचे साठे यांतून मिळत असे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नायट्रोजन व हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश यांनी या पद्धतीला औद्योगिक रूप दिल्यानंतर १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे अमोनियाचे उत्पादन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीने तयार झालेल्या खतांचा वापर जगभर पसरला. आज जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या अशा नत्रावर पिकलेल्या अन्नावर अवलंबून असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे नायट्रस ऑक्साइडाचा प्रश्न अन्नसुरक्षेच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

हवेतील वाढलेल्या नायट्रस ऑक्साइडाचा खतांशी असलेला संबंध समस्थानिकांच्या अभ्यासातूनही स्पष्ट झाला आहे. टास्मानियातील केप ग्रिम येथे अनेक दशके साठवून ठेवलेले हवेचे नमुने व अंटार्क्टिकातील घट्ट हिमथरातील हवा यांचे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मातीतील सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेल्या नायट्रस ऑक्साइडात नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण तुलनेने कमी असते. हवेतील या समस्थानिकाचे प्रमाण खतांच्या वाढत्या वापराबरोबर घटत गेल्याचे या नमुन्यांत आढळले.

मातीतील निर्मिती

मातीत नायट्रस ऑक्साइड मुख्यतः दोन जैविक प्रक्रियांतून तयार होतो.

नायट्रीकरण: युरिया जमिनीत पडल्यावर युरिएज या विकरामुळे त्याचे विघटन होऊन अमोनियम तयार होते. नायट्रोसोमोनास व त्यांसारखे जीवाणू अमोनियमचे नायट्राइटमध्ये, तर नायट्रोबॅक्टरसारखे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या प्रक्रियेला ऑक्सिजन लागतो. ती सुरू असताना उपपदार्थ म्हणून थोडा नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. नायट्रीकरण घडवणाऱ्या जीवाणूंचा पायाभूत अभ्यास सर्गेई विनोग्राडस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला.

विनायट्रीकरण: जमिनीतील छिद्रे पाण्याने भरली की ऑक्सिजन कमी पडतो. अशा वेळी अनेक जीवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. नायट्रेटपासून नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड व शेवटी नायट्रोजन वायू अशी ही साखळी आहे. ती शेवटपर्यंत पूर्ण झाली, तर हवेत निरुपद्रवी नायट्रोजन परत जातो. मात्र शेवटची पायरी घडवणारे विकर ऑक्सिजनच्या संपर्काला संवेदनशील असते व आम्ल मातीत ते नीट तयार होत नाही. तसे झाल्यास साखळी मध्येच थांबते आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो.

या दोन्ही प्रक्रिया समजावण्यासाठी ‘छिद्रे पडलेल्या नळा’ची उपमा दिली जाते. मेरी फायरस्टोन व एरिक डेव्हिडसन यांनी १९८९ मध्ये ती मांडली. नळातून वाहणारा प्रवाह म्हणजे मातीतील नत्राचा ओघ आणि नळाची छिद्रे म्हणजे ओलावा, आम्लता यांसारख्या परिस्थितीमुळे पडणाऱ्या गळतीच्या वाटा. या कल्पनेनुसार उत्सर्जन दोन प्रकारे कमी करता येते: नळातील अनावश्यक प्रवाह कमी करून किंवा छिद्रे लहान करून.

उत्सर्जनावर परिणाम करणारे घटक

ओलावा: जमीन अगदी कोरडी असताना उत्सर्जन कमी असते. वाफसा स्थितीत नायट्रीकरण जोमाने चालते. वाफशाहून अधिक ओल असताना, पण जमीन पूर्णपणे पाण्याखाली नसताना, साधारणतः सर्वाधिक नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. जमीन सतत पाण्याने भरलेली राहिल्यास त्याचे पुढे नायट्रोजन वायूत रूपांतर होण्याची शक्यता वाढते. दीर्घ कोरड्या काळानंतर पडणाऱ्या पहिल्या मोठ्या पावसाने उत्सर्जनाचा अल्पकालीन उसळता टप्पा येतो. थंड प्रदेशांत गोठलेली जमीन वितळताना असाच टप्पा दिसतो.

नत्राची मात्रा: खताच्या मात्रेबरोबर उत्सर्जन वाढते, परंतु ही वाढ नेहमी सरळ प्रमाणात नसते. पिकाला वापरता येईल तितका नत्र दिला असता ती मर्यादित राहते. गरजेपेक्षा जास्त दिलेला नत्र मातीत नायट्रेटच्या रूपात साचतो व तेथून उत्सर्जन अधिक वेगाने वाढू लागते. २०१४ मध्ये जगभरातील क्षेत्रीय प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून हा कल दिसून आला. म्हणून शेवटच्या, गरजेबाहेरच्या हप्त्यातील एक किलो नत्र हा आधीच्या एक किलो नत्रापेक्षा अधिक प्रदूषणकारी ठरू शकतो.

मातीचे गुणधर्म: निचरा कमी असलेल्या भारी चिकण जमिनीत ऑक्सिजन लवकर कमी होतो, त्यामुळे विनायट्रीकरणाला वाव मिळतो. सहज कुजणारा सेंद्रिय कर्ब हे जीवाणूंचे अन्न असल्याने त्याची उपलब्धताही महत्त्वाची असते. आम्ल जमिनीत, म्हणजे सामू कमी असताना, विनायट्रीकरणातील नायट्रस ऑक्साइडाचा वाटा वाढतो. निचरा करून शेतीखाली आणलेल्या दलदलीच्या सेंद्रिय जमिनी हा आणखी एक मोठा स्रोत आहे.

अप्रत्यक्ष उत्सर्जन: सर्व उत्सर्जन खत दिलेल्या शेतातूनच होते असे नाही. युरियापासून उडून गेलेला अमोनिया इतरत्र जमिनीवर उतरतो. नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून विहिरी, ओढे व नद्यांत पोहोचते. तेथेही त्यापासून नायट्रस ऑक्साइड तयार होऊ शकतो.

मापन

शेतातील उत्सर्जन मोजण्यासाठी सामान्यतः बंद पेटी पद्धत वापरली जाते. जमिनीवर हवाबंद पेटी ठेवून ठरावीक अंतराने तिच्यातील हवेचे नमुने घेतात व वायुवर्णलेखन यंत्राने त्यांतील नायट्रस ऑक्साइडाचे प्रमाण मोजतात. मोठ्या क्षेत्रासाठी लेसरवर आधारित उपकरणे मनोऱ्यावर बसवून हवेतील भोवऱ्यांबरोबर होणारे वायूचे वहन सतत नोंदवले जाते.

हे मापन अवघड असते. एकाच शेतात काही फुटांच्या अंतरावर उत्सर्जनाचे आकडे अनेक पटींनी वेगळे येऊ शकतात. वर्षभरातील उत्सर्जनाचा मोठा भाग खत व पाणी दिल्यानंतरच्या काही दिवसांतच होत असल्यामुळे आठवड्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यांत तो निसटण्याचा धोका असतो.

प्रत्येक शेतात मोजणी शक्य नसल्याने राष्ट्रीय अंदाजांसाठी ‘उत्सर्जन गुणक’ वापरतात. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र थेट नायट्रस ऑक्साइडाच्या रूपात जातो असे धरले जाते. पाण्याखालील भातासाठी हा गुणक ०.३ टक्के आहे. २०१९ च्या सुधारणेत आर्द्र हवामानातील रासायनिक खतांसाठी १.६ टक्के व कोरड्या हवामानासाठी ०.५ टक्के असे वेगळे गुणक देण्यात आले.

उदाहरणार्थ, एका हेक्टर उसाला २५० किलोग्रॅम नत्र युरियातून दिले, तर त्यासाठी सुमारे ५४३ किलोग्रॅम, म्हणजे ४५ किलोच्या सुमारे १२ गोण्या युरिया लागतो, कारण युरियात ४६ टक्के नत्र असतो. १ टक्का गुणक धरल्यास २.५ किलोग्रॅम नत्र थेट निसटतो. ऑक्सिजनचे वजन धरून तो ३.९ किलोग्रॅम नायट्रस ऑक्साइड होतो. तापमानवाढीच्या दृष्टीने हे सुमारे १,०७० किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडइतके असते. निसटलेला नत्र मात्र जेमतेम साडेपाच किलो युरियातला असतो व भारतातील अनुदानित दराने त्याची किंमत तीस रुपयांच्या आसपास भरते. केवळ खर्च वाचवण्याच्या हेतूने शेतकरी हे उत्सर्जन रोखेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही ती यामुळेच. अमोनिया व नायट्रेट यांच्या रूपाने होणारी नत्राची हानी याहून बरीच मोठी असते आणि ती कमी केल्यास शेतकऱ्यालाही लाभ होतो.

जागतिक प्रमाण

नायट्रस ऑक्साइडाच्या जागतिक ताळेबंदाचा विस्तृत अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९८० ते २०२० या काळात मानवनिर्मित उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी वाढले आणि २०१० च्या दशकात त्यातील ७४ टक्के वाटा शेती व पशुपालनाचा होता. २०२० मध्ये मानवनिर्मित उत्सर्जनात चीन पहिल्या व भारत दुसऱ्या क्रमांकावर होता. त्यांच्यानंतर अमेरिका, ब्राझील व रशिया यांचा क्रम लागतो. युरोपात मात्र १९८० च्या दशकानंतर उत्सर्जन कमी झाले. औद्योगिक उत्सर्जनावरील नियंत्रण आणि खतांचा अधिक काटेकोर वापर ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

भारतातील स्थिती

भारतात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन नत्र खतांच्या रूपात वापरला जातो व त्यातील बहुतांश युरियातून येतो. युरियाची किरकोळ किंमत केंद्र सरकार ठरवते. २०१० मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांसाठी अन्नद्रव्याधारित अनुदान योजना लागू झाली, परंतु युरिया तिच्याबाहेर राहिला. इतर खते महागली असता युरिया तुलनेने स्वस्त राहिल्यामुळे नत्राचा असंतुलित वापर वाढला. स्फुरद व पालाश अपुरे पडल्यास पीक दिलेला नत्रही पूर्णपणे घेऊ शकत नाही.

पाणी साचवून घेतलेल्या भातात नायट्रस ऑक्साइड कमी, परंतु मिथेन अधिक बाहेर पडतो. पाणी आलटूनपालटून देण्याच्या पद्धतीने मिथेन घटतो. मात्र जमीन वारंवार ओली-कोरडी झाल्याने नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. ही वाढ किती, याविषयी मतभेद आहेत. दक्षिण भारतातील शेतांवरील २०१८ च्या एका अभ्यासाने ती पूर्वीच्या अंदाजांपेक्षा खूप जास्त असल्याचे म्हटले. तो निष्कर्ष सर्वत्र लागू करण्यास इतर संशोधकांनी आक्षेप घेतला. पाण्याचे व नत्राचे व्यवस्थापन एकत्र केल्यास दोन्ही वायू मर्यादित ठेवता येतात, याबाबत मात्र फारसे दुमत नाही.

महाराष्ट्रात नत्राची सर्वाधिक गरज असलेल्या पिकांत उसाचा समावेश होतो. सुरू उसासाठी हेक्टरी २५० किलोग्रॅम व आडसाली उसासाठी ४०० किलोग्रॅम नत्राची शिफारस आहे. भारी काळी जमीन, पाटाचे मोकाट पाणी व एकाच वेळी दिलेली मोठी खतमात्रा या तीन गोष्टी एकत्र आल्यास विनायट्रीकरणास अनुकूल स्थिती निर्माण होते. कोकणात भातासाठी युरिया-डीएपीच्या गोळ्या लावणीनंतर चिखलात खोलवर खोचण्याची पद्धत ‘चारसूत्री भात शेती’चा एक भाग म्हणून प्रसारित करण्यात आली. तिच्यामुळे अमोनियाच्या रूपातील नत्रहानी घटते व कमी खतात पिकाची गरज भागू शकते.

उत्सर्जन कमी करण्याचे उपाय

योग्य मात्रा व योग्य वेळ: माती परीक्षणानुसार खत देणे, शेणखत व द्विदल बेवडातून मिळणारा नत्र हिशेबात धरणे आणि पिकाच्या वाढीच्या अवस्थेनुसार खत विभागून देणे हे मूलभूत उपाय आहेत. भारतात मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. भातात पानाचा हिरवेपणा रंगपट्टीशी ताडून नत्राचा पुढील हप्ता ठरवता येतो.

ठिबकातून खत: विद्राव्य खत ठिबक सिंचनातून थोड्या थोड्या मात्रेने दिल्यास मातीत नायट्रेट साचत नाही व जमीन चिबडही होत नाही.

नायट्रीकरण रोधके: नायट्रापायरिन, डायसायनडायमाइड यांसारखी रसायने अमोनियमचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर लांबवतात. कडुनिंबाच्या बियांतील घटकांचा असाच परिणाम होतो, हे दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवण्यात आले. २०१५ मध्ये देशातील सर्व युरियाला कडुनिंबाचे लेपन बंधनकारक झाले. अनुदानित युरिया उद्योगांकडे वळवला जाऊ नये हाही त्यामागील एक हेतू होता.

जैविक नायट्रीकरणरोध: काही वनस्पतींची मुळे स्वतःच नायट्रीकरण मंदावणारी द्रव्ये स्रवतात. ज्वारीच्या मुळांतील सॉर्गोलिओन हे त्याचे परिचित उदाहरण आहे. गव्हाच्या एका रानटी नातेवाईक गवतातील हा गुण गव्हात आणण्यात यश आल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मातीचे व्यवस्थापन: चांगला निचरा ठेवणे व आम्ल जमिनीत चुना मिसळून सामू वाढवणे यांमुळे उत्सर्जन कमी होऊ शकते.

मर्यादा व वाद

कोणताही एक उपाय सर्वत्र सारखा परिणामकारक ठरत नाही. नायट्रीकरण रोधकांमुळे अमोनियम अधिक काळ टिकते, त्यामुळे विम्ल जमिनीत अमोनिया उडून जाण्याचे प्रमाण वाढू शकते. न्यूझीलंडमध्ये दुधात डायसायनडायमाइडाचे अल्प अंश आढळल्यावर २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. शेणखत व कंपोस्ट यांपासूनही नायट्रस ऑक्साइड तयार होतो. त्यामुळे केवळ सेंद्रिय स्रोताकडे वळल्याने उत्सर्जन थांबत नाही.

जैवइंधनांच्या संदर्भातही हा प्रश्न चर्चेत आला. मोहरीवर्गीय तेलबियांपासूनचे बायोडिझेल व मक्यापासूनचे इथेनॉल यांच्या पिकांना दिलेल्या नत्रामुळे होणारे उत्सर्जन इंधनाचा हवामानविषयक लाभ पुसून टाकू शकते, असे क्रुट्झेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले. उसाच्या बाबतीत हा परिणाम तुलनेने कमी असल्याचे त्यांनी नोंदवले.

खतांचा वापर अचानक थांबवण्याचे परिणाम श्रीलंकेत दिसले. तेथे २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर घातलेली बंदी काही महिन्यांतच मोठ्या प्रमाणावर मागे घ्यावी लागली. दरम्यान भाताचे उत्पादन घटले व तांदूळ आयात करावा लागला. दुसरीकडे आफ्रिकेच्या अनेक भागांत पिकांना पुरेसा नत्रच मिळत नाही. तेथे खताची मात्रा वाढवणे आवश्यक असून, मात्रा गरजेच्या मर्यादेत राहिल्यास उत्सर्जनातील वाढही थोडी असते.

त्यामुळे अलीकडील आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचा भर खते बंद करण्यापेक्षा नत्राचा अपव्यय कमी करण्यावर आहे. नत्राच्या शाश्वत व्यवस्थापनाविषयीचा भारताने मांडलेला ठराव मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने स्वीकारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या कोलंबो जाहीरनाम्यात २०३० पर्यंत नत्राचा अपव्यय निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.